दहा मिनिटं पुढचं घड्याळ

काटेसाहेबांना आयुष्यात कुणी "तुमचं माप चुकतंय" असं म्हटलं नव्हतं. म्हणायची कुणाची छातीच नव्हती. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात दुकानदारांच्या काट्यांवर डोळे वटारण्यात घालवली होती. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले, की दुसऱ्या टोकाचे तराजू आपोआप सरळ होत, अशी त्यांची ख्याती. खरं आडनाव काय होतं ते आता फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकी सगळ्यांना ते काटेसाहेब. निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. भाजीवालीनं तोलून झाल्यावर प्रेमानं वर दोन मिरच्या टाकल्या, तर हे त्या परत करायचे. म्हणायचे, "जास्त दिलं तरी ते चुकीचंच माप."

अशा माणसाला एका संगणकानं लेखी कळवावं, की आपली फाइल अजून जन्माला यायची आहे, म्हणजे काय अपमान झाला बघा! पण तो अपमान नीट समजायला जरा मागं जायला हवं. फार नाही, घड्याळापर्यंत.

त्यांच्या घरात पहिल्यापासून दोन वेळा होत्या. एक घरची, एक बाहेरची. घरची वेळ बाहेरच्यापेक्षा दहा मिनिटं पुढे. ही वडिलांची शिस्त. वडील एका कारखान्याच्या फाटकावर हजेरी मांडायचे, आणि रोज सकाळी धापा टाकत येणारी माणसं बघून त्यांचं ठाम मत झालं होतं, की धावत आलेला माणूस दिवसभर धावतच राहतो. म्हणून भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ त्यांनी दहा मिनिटं पुढे करून ठेवलं. आता तुम्ही म्हणाल, घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असल्यावर त्याचा उपयोग काय? हा प्रश्न त्या घरात विचारायचा नसे. घरच्या घड्याळानं वेळ झाली की बूट घालून खाली यायचं, म्हणजे यायचंच. मग बस यायला दहा मिनिटं उरत. ती दहा मिनिटं बाप आणि दोन मुलगे इमारतीच्या पायरीवर बसून काढत. मधे वडील, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला धाकटे काटेसाहेब. वडील एरवी घरात चार शब्द बोलायचे नाहीत, पण त्या पायरीवर त्यांना कंठ फुटायचा. कोण काय बहाणा सांगून उशिरा आलं, ते नकला करून सांगायचे. काटेसाहेबांना आपले वडील जे काही आठवतात, ते सगळे त्या दहा मिनिटांतले.

वडील गेले, आणि काही वर्षांनी घड्याळाची स्प्रिंगही गेली. घड्याळजी म्हणाला, असले भाग आता मिळत नाहीत. दादानं ते फार मनाला लावून घेतलं. दादा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा आणि उरलेला वेळ संगणकात डोकं घालून बसायचा. त्यानं काय करावं? संगणकाच्या पडद्यावर तेच घड्याळ काढलं. तीच पिवळी पडलेली तबकडी, काचेला कोपऱ्यात तोच तडा. स्प्रिंग पुरती जायच्या आधी त्यानं घड्याळाचे टोले टेपवर घेऊन ठेवले होते, ते आत बसवले. शेवटच्या टोल्यानंतर त्यात एक बारीकसं 'फस्स' ऐकू यायचं. ती स्प्रिंग, असं सगळे म्हणायचे. आणि त्या संगणकाची वेळ दादानं हातानं दहा मिनिटं पुढे करून ठेवली, हे वेगळं सांगायला नकोच.

मग दादानं हे घड्याळ जगाला देऊन टाकलं. म्हणजे कसं, की एक ओपन सोर्स संगणकप्रणाली आहे. फुकट मिळते, कुणीही आतून उघडून बघावी, दुरुस्त करावी. जगभरची माणसं फावल्या वेळात तिची डागडुजी करतात. पगार नाही, पेन्शन नाही, फक्त भांडणं. त्या प्रणालीच्या भांडारात एकेक प्रोग्रॅम नीट गाठोडं बांधून ठेवलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. दादाचं घड्याळ त्या भांडारात गेलं. पुढे कुठल्याशा दूरदेशातून एका अनोळखी बाईचं पत्र आलं, की तुमचं घड्याळ माझ्या स्वयंपाकघरात वाजतं, बरं वाटतं. दादा पुढचे कितीतरी दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होता.

आता दादाला जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याचा जुना संगणक बाहेरच्या खोलीत तसाच चालू होता, आणि तासातासाला टोले देत होता. वहिनी त्या टोल्यांवर औषधं घ्यायची. दादाबद्दल मात्र घरात कुणी बोलत नसे. बोललं तर रडू येईल म्हणून बोलायचं नाही, आणि बोलायचं नाही म्हणून घर गप्प. वहिनी गप्प, काटेसाहेब गप्प, आणि काटेसाहेबांची बायको, जिला गप्प बसण्याची अजिबात सवय नव्हती, तीसुद्धा टोले पडायला लागले की बोलता बोलता थांबायची.

एक दिवस वहिनी दादाच्या नावावर आलेला एक मेल घेऊन आली.

"भाऊजी, हे काय म्हणतायत बघा जरा."

काटेसाहेबांनी चष्मा लावून वाचलं. घड्याळाचं पॅकेज नव्या अवजारांनी बांधलं जात नाही, त्याचा बिल्ड मोडतो. त्याला कुणी वाली उरलेला नाही. भांडाराचं दार लवकरच बंद होणार आहे. तोवर कुणी ते दुरुस्त केलं नाही, तर नव्या आवृत्तीतून हे घड्याळ काढून टाकण्यात येईल.

"काढून टाकणार म्हणतायत."

"आपल्या घरातलं?"

"छे हो, आपल्या घरात येऊन कोण काढतंय! भांडारातलं. म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही."

 वहिनी म्हणाली, "ते म्हणायचे, माझी एवढी एकच गोष्ट घराबाहेर गेली. ती परत घरात आणून कोंडायची का?"

दोन वर्षांत वहिनीनं "ते म्हणायचे" हे शब्द पहिल्यांदा काढले होते.  अशा वेळी शहाण्या माणसानं पाणी प्यावं, खिडकीबाहेर बघावं. काटेसाहेब म्हणून गेले, "मी बघतो."

या दोन शब्दांनी आजवर कितीतरी सुखी संसार धुळीला मिळवलेत. नळ गळतोय? मी बघतो. तेव्हापासून त्या घरात पाणी नसतं. पण आता बाण सुटला होता.

दादाच्या हाताखाली बसून काटेसाहेब थोडंफार शिकले होते, तेवढ्या भांडवलावर त्यांनी एक नवा लॅपटॉप आणला. सुरू केल्याबरोबर त्यावर बाहेरची वेळ दिसली. काटेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आधी ती आपोआप वेळ लावण्याची सोय बंद केली, मग बाहेरच्या खोलीत जाऊन दादाच्या घड्याळात बघितलं आणि लॅपटॉप दहा मिनिटं पुढे केला. लॅपटॉपनं विचारलं, "नक्की?" काटेसाहेबांनी "नक्की" दाबलं. एका घरात दोन वेळा चालू देणारा माणूस तो नव्हे.

मग सल्लागार जमले. समोरच्या दारातले बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर रोज पेपर मागायला यायचे, ते आता पेपर न मागताही येऊ लागले. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण आयुष्यभर सही करायची सवय असल्यामुळे कुठल्याही गोष्टीवर मत द्यायला त्यांची हरकत नसे.

"वरच्या माणसाला गाठा," ते म्हणाले. "अशा ठिकाणी वरचा माणूस गाठल्याशिवाय काही होत नाही."

"तिथं वरचा माणूसच नाही हो. सगळे सारखे."

"असं कुठं असतं? वरचा माणूस नसेल तर कामं अडतात कशी?"

 कोपऱ्यावरच्या दुकानातला संगणक दुरुस्तीवाला बोलावला, तर त्यानं लॅपटॉपकडे न बघताच निदान केलं, "फॉरमॅट मारू." त्याच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं.

काटेसाहेबांनी कुणाचं न ऐकता काम सुरू केलं. नवं कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं अवजार, भलतंच कडक होतं. दादानं जिथं जिथं 'समजून घ्या' अशा थाटात लिहिलं होतं, तिथं जुनं कंपायलर समजून घ्यायचं. नवं म्हणायचं, आधी नीट ओळख करून द्या, मग बोलू. काटेसाहेबांना हा स्वभाव आवडला. असाच एक हाताखालचा माणूस त्यांना नोकरीत हवा होता, मिळाला नाही. एकेक ओळ दुरुस्त करत त्यांनी सगळ्या चुका संपवल्या. घड्याळ लॅपटॉपवर उभं राहिलं, टोले पडले, 'फस्स' झालं. बायकोनं टाळ्या वाजवल्या. काटेसाहेबांनी गाठोडं बांधलं आणि भांडाराकडे पाठवून दिलं.

थोड्याच वेळात ते परत आलं. सोबत एक मेल. पाठवणाऱ्या बाईंनी खरं नाव दिलेलंच नव्हतं. तिथं सगळे टोपणनावानं वावरतात; या बाई स्वतःला 'खारूताई' म्हणवत. मजकूर एवढाच: "बिल्ड होत नाही."

काटेसाहेबांनी उलट कळवलं, "आमच्याकडे होतो."

खारूताईंनी लिहिलं, "सगळ्यांकडे होतो."

या दोन शब्दांच्या मागं केवढा अनुभव होता, हे काटेसाहेबांना सावकाश कळत गेलं. तिथली पद्धत अशी, की गाठोडं आलं की सर्व्हर त्याच्यासाठी एक कोरी, रिकामी खोली उघडतो. त्या खोलीत तुम्ही यादीत मागितलेली अवजारं तेवढी असतात. बाकी टाचणीसुद्धा नाही. आणि काटेसाहेबांनी दादाच्या संगणकातलं सगळं सामान लॅपटॉपवर आधीच ओतून घेतलं होतं, त्यामुळे काय लागतं आणि काय नुसतं पडलंय, याचा पत्ता नव्हता. टोले वाजवायला कसलीशी लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमांचा साठा, लागते, ती दादानं कधीकाळी आणून टाकलेली. तिचं नाव यादीत नव्हतं. काटे फिरवायला दुसरी लागते, तीही नव्हती. पुष्कळ दिवस हाच खेळ चालला. हे पाठवायचे, खारूताई परत पाठवायच्या.

"माझंही असंच झालं होतं," वहिनी एकदा चहा देताना म्हणाली. "हे होते तोवर घर आपोआप चालतं असं वाटायचं. गेल्यावर कळलं, काय काय कुठून येत होतं ते."

काटेसाहेब नुसते "हं" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.

यादी पुरी झाली तर कागदपत्रं आडवी आली. भांडारात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे हक्क कुणाचे, हे तपासणारा एक गृहस्थ होता, 'घुबड' या नावाचा. नाव अगदी शोभून दिसायचं. घुबडानं विचारलं, तबकडीचं चित्र कुणाचं? दादाचं. टोले कुणाचे? वडिलांच्या घड्याळाचे. वडिलांचे वारस कोण? काटेसाहेबांनी वारस या नात्यानं स्वतःला अर्ज केला आणि वारस या नात्यानंच तो मंजूर केला. वाटलं, सुटलो. तर घुबडाचा पुढचा मेल: "ध्वनिफाइलीच्या शेवटी एक गृहस्थ शिंकतात. त्यांची परवानगी जोडावी."

शिंकतात? काटेसाहेब आणि बायको एकमेकांकडे बघायला लागले. दुरुस्तीवाल्याकडून मोठे स्पीकर मागून आणले. त्यानं ते आणताना "फॉरमॅट मारायचं का?" असं विचारून घेतलं. फाइल लावली. टोले पडले, आणि शेवटी ते ओळखीचं 'फस्स' आलं. मोठ्या स्पीकरवर ते 'फस्स' राहिलं नाही. ती एक अर्धी दाबलेली, अर्धी सुटलेली माणसाची शिंक होती.

"अहो, ही तर तुमची!" बायको ओरडली. "ही शिंक मी झोपेतसुद्धा ओळखेन. धड बाहेर सोडत नाही, धड आत ठेवत नाही. आयुष्यभर ऐकतेय."

काटेसाहेबांना तेव्हा आठवलं. टोले टेपवर घ्यायचे म्हणून दादानं त्यांना स्टुलावर उभं केलं होतं, मायक्रोफोन घड्याळाजवळ धरायला. घड्याळावरची वर्षानुवर्षांची धूळ थेट नाकात. बारा टोले त्यांनी जीव मुठीत धरून दम काढला होता, आणि तेराव्या क्षणी घात झाला होता. दादाला ऐकू गेलं नाही, अशी त्यांची आजवर समजूत होती.

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं होतं, कापून टाका की ती शिंक. तर म्हणाले, राहू दे. धाकट्याशिवाय ते घड्याळ आपलं वाटायचं नाही."

काटेसाहेब उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांतली माती कोरडी आहे का ते बघत बसले. कुंड्यांत सकाळीच पाणी घातलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं, तासातासाला, दादानं आपल्याला त्या घड्याळात ठेवून घेतलं होतं, आणि आपण स्प्रिंग स्प्रिंग म्हणत बसलो. परत येऊन त्यांनी घुबडाला कळवलं: "मी, खाली सही करणारा, माझ्या शिंकेचे सर्व हक्क जगाला विनामूल्य व कायमचे देत आहे." मॅनेजरांनी साक्षीदार म्हणून सही ठोकली. त्यांना फार दिवसांनी सही करायला मिळाली, त्यामुळे खालची रेघ त्यांनी दोनदा ओढली.

आता दार बंद व्हायला आठवडाच उरला होता. काटेसाहेबांनी सगळं नीट तपासून, झटकून, शेवटच्या फाइली ताज्या ताज्या बनवून गाठोडं पाठवलं, आणि तोच तो जगप्रसिद्ध अपमान झाला. सर्व्हरनं लिहिलं होतं: "या फाइली भविष्यकाळात तयार झालेल्या दिसतात. काम थांबवत आहे."

भविष्यकाळात? काटेसाहेबांनी मेल तीनदा वाचला. आत्ता, स्वतःच्या हातानं, याच खुर्चीत बसून बनवलेल्या फाइली भविष्यकाळातल्या? हा सरळ सरळ खोटेपणाचा आरोप होता. त्यांनी पुन्हा गाठोडं बांधलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच! सर्व्हरवर तपासणी करणारी यंत्रं चार. तिघांनी गाठोडं नाकारलं. चौथं एक जुनं, संथ यंत्र होतं, त्याला काम हातात घ्यायलाच पाऊण तास लागायचा. त्यानं मात्र मुकाट्यानं सगळं बांधून दिलं.

"बघा, त्या म्हाताऱ्यालाच तेवढं कळतं," काटेसाहेब म्हणाले.

खारूताईंनी दुपारी स्वतः चालवून बघितलं, तर सगळीकडे ठीक झालं! काटेसाहेबांनी आनंदानं पुन्हा पाठवलं, तर पुन्हा तिघांचा नकार. खारूताईंनी लिहिलं, "कधी होतं, कधी होत नाही, असलं पॅकेज मी घेत नाही. कारण शोधा."

मॅनेजर म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, वरचा माणूस." बायको म्हणाली, "तुम्ही पाठवताना रागानं पाठवता, म्हणून." दुरुस्तीवाला काय म्हणाला ते सांगत नाही.

काटेसाहेबांनी मात्र आता निरीक्षकाची टोपी चढवली. संशयित माल समोर ठेवायचा आणि प्रमाणित मापाशी ताडून बघायचं. सगळी हयात त्यांनी हेच तर केलं होतं. त्यांनी सर्व्हरच्या मेलवर छापलेली वेळ घेतली, आपल्या लॅपटॉपवरची वेळ घेतली, आणि दोन्हींची वजाबाकी केली. पुन्हा केली. प्रत्येक वेळी उत्तर तेच. झालं! चोर सापडला. त्यांनी जुन्या, करकरीत, सरकारी भाषेत नोटीस लिहिली. वाचून दाखवायला वहिनीला आणि बायकोला समोर बसवलं.

"तपासणीअंती असे निदर्शनास आले आहे, की आपल्या सर्व्हरचे घड्याळ प्रमाणित वेळेपेक्षा दहा मिनिटे मागे चालत आहे. त्यामुळे आमच्या वक्तशीर फाइली आपणांस भविष्यकाळातील वाटतात. सदर दोष त्वरित दूर करून तसे कळवावे."

"छान लिहिलंय," बायको म्हणाली. नोटीस म्हटली की तिला अजूनही काटेसाहेबांचा अभिमान वाटायचा. वहिनीच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडली होती, पण ती काही बोलायच्या आत काटेसाहेबांनी पाठवण्याचं बटण दाबलं होतं.

खारूताईंचं उत्तर लगेच आलं. काटेसाहेबांनी तेही मोठ्यानं वाचलं, कारण शरणागती ऐकायला साक्षीदार असावेत.

"असेलही. पण मग जगातली बाकीची सगळी घड्याळंही आमच्याबरोबरच दहा मिनिटं मागे आहेत. तुमच्या घरातलं एक सोडून."

 वहिनी हसली. आधी नुसती नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदरबिदर सोडून. "अहो भाऊजी," तिला धड बोलता येईना, "दहा मिनिटं! अहो, घरची वेळ!"

काटेसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्या माणसानं साऱ्या बाजाराचे काटे सरळ केले, त्यानं आपल्या घरचं खोटं माप घेऊन साऱ्या जगाला नोटीस धाडली होती! गाठोड्यातल्या प्रत्येक फाइलीवर ती बनल्याची वेळ असते, आणि त्यांच्या सगळ्या फाइली घरच्या वेळेनं बनलेल्या. तिन्ही चपळ यंत्रं ती गाठोडी लगेच उघडायची, तेव्हा बाहेरच्या जगात ती वेळ खरंच यायची असायची. म्हातारं यंत्र उघडेपर्यंत ती येऊन गेलेली असायची. कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळा दोष काटेसाहेबांचा, आणि तोही 'नक्की' दाबून केलेला.

"आता मी त्या बाईंना तोंड कसं दाखवू?" ते म्हणाले.

"त्यांनी कुठं तुमचं तोंड बघितलंय?" बायको म्हणाली. मग तीही हसायला लागली, आणि दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून इतक्या हसल्या, की मॅनेजर पेपर घेऊन धावत आले. वहिनी हसता हसता रडली, रडता रडता हसली, आणि म्हणाली, "हे असते तर आज जमिनीवर लोळले असते." त्यावर काटेसाहेबसुद्धा हसले. मान गेली ती गेलीच होती, निदान हसून तरी घ्यावं.

लॅपटॉपची वेळ बरोबर केली की काम फत्ते होतं. काटेसाहेबांनी ती केली. पण मग पडद्यावरचं दादाचं घड्याळही बाहेरच्या वेळेनं चालायला लागलं. वहिनीनं बघितलं, आणि ती आत निघून गेली. जुना संगणक आता मधूनमधून बंद पडत होता. उद्या तो गेला की घरची वेळही गेली, हे तिघांनाही कळत होतं.

काटेसाहेब बराच वेळ त्या घड्याळासमोर बसले. जास्त दिलं तरी ते चुकीचंच माप, असं म्हणत ज्यानं मिरच्या परत केल्या, त्यानं आता काय करावं? त्यांनी प्रोग्रॅम उघडला आणि दादानं जिथं संगणकाला वेळ विचारली होती, तिथं एक छोटीशी सोय जोडली. हवी असेल त्यानं चालू करावी, नको असेल त्यानं करू नये. सोयीचं नाव ठेवलं 'घरची वेळ'. ती चालू केली की संगणक काहीही सांगो, घड्याळ दहा मिनिटं पुढचीच वेळ दाखवणार. मग नोटिशीबद्दल बिनशर्त माफी मागून, बाहेरच्या वेळेनं बनवलेलं गाठोडं त्यांनी पाठवून दिलं.

चारही यंत्रांनी ते निमूट बांधलं. पण खारूताईंचा मेल आलाच: "घड्याळानं मुद्दाम चुकीची वेळ दाखवण्याची सोय कशासाठी?"

या वेळी काटेसाहेबांना सरकारी भाषा सुचली नाही. त्यांनी साधं लिहिलं. वडील हजेरी मांडायचे ते लिहिलं, पायरीवरची दहा मिनिटं लिहिली, दादा लिहिला, शिंकसुद्धा लिहिली. शेवटी लिहिलं, की मी आयुष्यभर मापं तपासली आहेत, आणि माझ्या मते हे चुकीचं माप नाही. ही दहा मिनिटं आमच्या घरात खरोखर असतात.

सबंध दिवस उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. "आमच्या आजीचं पाच मिनिटं पुढे असायचं. किती मिनिटं ते ज्याचं त्याला ठरवता येईल, अशी सोय करा, म्हणजे घेते."

काटेसाहेबांनी ती करून पाठवली. दार बंद व्हायच्या आदल्या दिवशी पॅकेज आत गेलं. कर्ता म्हणून दादाचं नाव, सांभाळणारा म्हणून धाकट्याचं, आणि हक्कांच्या कागदात शिंकेचा स्वतंत्र उल्लेख. वहिनीनं दोन्ही नावांवरून पडद्यावरच बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरोबर दिसतंय."

त्याच आठवड्यात वहिनीला डोळे तपासायला न्यायचं होतं. डॉक्टरांनी दिलेली वेळ, बसची वेळ, सगळं हिशेबात धरून नव्या लॅपटॉपवरच्या घड्याळात घरची वेळ झाली. टोले पडले, काटेसाहेब शिंकले, म्हणजे घड्याळातले. तिघं चपला-बूट घालून खाली आले. बसला अजून दहा मिनिटं होती. पायरी पुसून तिघं बसले. मधे वहिनी, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला काटेसाहेब.

"ते कुठं बसायचे?" वहिनीनं विचारलं.

"दादा? त्या तिथं, कठड्याला टेकून. बुटाची नाडी कधी बांधलेली नसायची. बाबा रोज ओरडायचे, आणि रोज तेच बांधायचे."

"नाडी शेवटपर्यंत मीच बांधली," वहिनी म्हणाली. "लग्नाच्या दिवशीसुद्धा. तुम्हाला नाही माहीत ती गंमत?"

काटेसाहेबांना माहीत नव्हती. मग वहिनीनं ती सांगितली, त्यावर काटेसाहेबांना दादानं मास्तरांची सायकल रंगवली होती ते आठवलं, बायकोला स्वतःचा पहिला स्वयंपाक दादानं कसा मिटक्या मारत खाल्ला होता ते आठवलं, आणि दोन वर्षं तुंबलेलं सगळं बोलणं त्या पायरीवर घळाघळा बाहेर आलं. तिघं एकाच वेळी बोलत होते. काटेसाहेबांनी वडिलांची नक्कल केली, ती वडिलांसारखी नव्हे, थेट दादासारखी झाली.

समोरून बस आली, थांब्यावर थांबली, आणि गेली. त्या घराच्या इतिहासात बस चुकण्याची ही पहिलीच वेळ होती.

काटेसाहेब सवयीनं ताडकन उठले. वहिनीनं त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा हो भाऊजी," ती म्हणाली. "अजून ती सायकल अर्धीच रंगवून झालीय."